पंख्याखालची जागा

अभ्यासिकेचं कुलूप निघताच वैजनाथ पहिला आत शिरायचा आणि पंख्याखालच्या खुर्चीवर आपली सॅक ठेवायचा. जागा धरली की अर्धा अभ्यास झाला, असं त्याचं मत होतं. उरलेल्या अर्ध्याआधी चहा हवाच.

टपरीवर तो वेळेच्या नियोजनावर इतक्या पोटतिडकीने बोलायचा, की ऐकणाऱ्यांचा चहा गार व्हायचा. मग जेवण, मग जरा पाठ टेकणं, मग पुन्हा चहा. अभ्यासिका बंद होताना तो सॅक न्यायला यायचा.

परीक्षा तोंडावर आली तेव्हा मात्र तो घाबरला. भरदुपारी येऊन, खुर्चीवरची सॅक खाली ठेवून, तिथे बसला.

"ओ, उठा," शेजारचा मुलगा कुजबुजला. "जागा धरलेली आहे."

"कुणी?"

"नाव नाही माहीत. पण लई अभ्यासू माणूस. आम्ही यायच्या आधी सॅक हजर, आम्ही गेलो तरी हलत नाही. त्याच्याकडे बघूनच तर आम्ही नेटाने बसतो."

वैजनाथचा ऊर भरून आला. एवढ्या कष्टाळू माणसाची जागा अडवणं त्याला पटेना. सॅक अलगद खुर्चीवर ठेवून तो चहाला गेला.