मायलेज

सत्तरी उलटलेल्या वडिलांनी महिन्यात दोनदा गाडी फाटकावर घातली होती, पण "बाबा, आता चालवू नका" म्हणायला मुलाची जीभ रेटेना. साप मरावा आणि काठीही तुटू नये म्हणून त्यानं शक्कल काढली, त्यांची ऑटोमॅटिक गाडी गिअरची करून घ्यायची. "मायलेज वाढेल, बाबा," असं सांगून तो त्यांना गॅरेजमध्ये घेऊन गेला.

लंगडत उतरणाऱ्या बाबांकडे मेकॅनिक बघत राहिला. "करून देतो. पण या डाव्या गुडघ्यानं काका क्लच दाबणार कसा?"

मुलगा खाली मान घालून स्वच्छच असलेलं बॉनेट पुसू लागला.



बाबांनी किल्ली त्याच्या खिशात घातली. "एवढा घाट कशाला घातलास? मागितली असतीस तर दिली असती."