आईला बोलावणं

नकाशे काढणाऱ्या चौतीस वर्षांच्या माणसाच्या आईला साहेबांनी ऑफिसात बोलावून घेतलं.

"बाई, त्याला ऑटिझम आहे, मान्य. पण कोपऱ्यातली खोली सोडून सगळ्यांबरोबर हॉलमध्ये बस म्हटलं, तर ऐकत नाही. तुम्हीच समजवा, नाहीतर नोकरी जाईल."

"हॉलमधल्या गोंगाटात मला रेघ ओढता येत नाही, हे मी तीनदा लिहून दिलंय," मुलगा म्हणाला. "उत्तर मला द्या. आईला नको."

जन्मभर बालवाडी चालवलेल्या आईने शांतपणे खुर्ची पुढे ओढली.

"आमच्याकडे दोघांचं भांडण झालं की दोघांच्याही आयांना बोलवायचो, साहेब. तुमच्या आई किती वाजता येताहेत? मी थांबते."