साठवलेलं पान

"त्या बोटीत पाय ठेवलास, तर पुन्हा मला आई म्हणू नकोस."

सात वर्षांपूर्वी बेटाच्या धक्क्यावर माल-सुन मावशी लेकीला हे बोलली, तेव्हा छांग-ग्यू मास्तर दोन हातांच्या अंतरावर उभा होता. तो आवाज त्याच्या कानातून अजून गेला नव्हता. आज तीच मावशी शाळेतल्या संगणकासमोर बसली होती आणि त्याला लवकर उघडा म्हणत होती, भरती कुणासाठी थांबत नाही म्हणत होती.

समुद्रात बुड्या मारून शिंपले काढणारी बाई ती. दर शनिवारी यायची. राजधानीत, सोलला गेलेल्या लेकीचं, इन-ओकचं इंटरनेटवरचं पान बघायची, आणि गावाला सांगायची, हवामान बघून आले. एकमेकींना फोन करायला दोघी मायलेकी तयार नव्हत्या. शेवटी मास्तरानेच न राहवून इन-ओकला गुपचूप कळवलं होतं, की तुझी आई तुझं पान बघते.

बेटावर येणारी लाइन केसासारखी बारीक. म्हणून मास्तराने शाळेत एक मधला संगणक बसवला होता. एकदा आणलेलं पान तो स्वतःपाशी साठवून ठेवायचा आणि पुन्हा मागितलं की तिथूनच काढून द्यायचा. त्याच्या पोटात जागा थोडी. म्हणून चारच ठिकाणं साठवायची यादी केली होती: हवामान, शिक्षण खातं, शब्दकोश, आणि शेवटी मायेपोटी इन-ओकचं पान. पहिली तिन्ही रोज पहाटे ताजी होत. इन-ओकचं पान फोटोंनी जड. ते येता येता मावशीची भरतीची वेळ टळायची. म्हणून त्याच्यापुढे मास्तराने हुकूम लिहिला होता: आहे तेच दे, नवं आणायला जाऊ नकोस.

पान क्षणात उघडलं. खिडकीत वाळत टांगलेली फळं, खाली हसणारी इन-ओक.

"चार महिने झाले, एक अक्षर बदललं नाही पोरीनं," मावशी म्हणाली. "माझ्यावरच गेलीय, दुसरं काय. एका शब्दानं बोलावलं असतं ना, तर पोहत गेले असते. आता नाही यायची मी, मास्तर."

तिने डोक्याचा रुमाल आवळला आणि उठली.

मास्तर काल समुद्रापलीकडे, मोकपो शहरात गेला होता. तिथल्या इंटरनेटच्या दुकानात त्याने सहज ते पान उघडलं होतं. आता गप्प राहिला असता, तर कुणाला काही कळलं नसतं. मावशीचा राग लेकीवर राहिला असता, आणि तो सगळ्यांचा भला मास्तर.

मावशी दारापर्यंत पोचली.

"बोलावलं होतं तिने, मावशी," तो म्हणाला. "दीड महिना आधी, त्याच पानावर तारीख घालून. मीच या संगणकाला नवं पान आणू नकोस म्हणून सांगून ठेवलं, ते तुमच्यापर्यंत पोचू दिलं नाही. मागच्या रविवारी लग्न झालं तिचं. लग्नात दोन्हीकडच्या आयांनी एकेक मेणबत्ती पेटवायची असते ना, फोटोत तिच्या सासूची जळतेय. शेजारची तुमची... ती तिने कुणालाच पेटवू दिली नाही."