थेट विमानाचे अठरा तास

"पुन्हा वाच," स्टामातियाबाई म्हणाल्या.

कबरीशी उभ्या असलेल्या एव्दोकियाने मोबाइलवर हाताची सावली धरली. "मेलबर्न ते अथेन्स. अंतर जवळजवळ पंधरा हजार किलोमीटर. विमानाने अठरा तास. पण आई, हा थेट विमानाचा हिशोब आहे, आणि तसं विमानच नाही. वहिनीला वाटेत दोहाला उतरून दुसऱ्या विमानाची वाट बघत बसावं लागतं."

"अठरा विमानाचे, चार अथेन्सहून इथवरच्या रस्त्याचे. वर एक तास मी पदरचा दिला. तोही संपला."

"दुपारपर्यंत थांब ना. दादाचं कपाळ एकदा हातात घ्यायचंय म्हणते. दुसरं काही मागत नाहीये ती."

"मेल्यावर चाळिसाव्या दिवशी वाटायचा गहू शिजायच्या आत जी विमानात बसली, तिला आता कपाळ हवंय?"

त्यांच्या मुलाला, आर्गिरिसला, मातीत ठेवल्याला पाच वर्षे झाली होती. अस्थी वर काढून धुण्याचा, पेटीत ठेवण्याचा आजचा दिवस महिन्याभरापूर्वीच ठरला होता. स्टामातियाबाईंनीच तो ठरवला होता.

पाद्रीबाबा घसा खाकरून म्हणाले, "बाई, नवऱ्याची हाडं धुण्याचा मान बायकोचा असतो."

"मान हजर असणाऱ्याचा असतो, बाबा. तुम्ही प्रार्थना सुरू करा." त्यांनी खड्ड्याशी उभ्या असलेल्या गड्याकडे पाहिले. "आणि तुला काय, मुहूर्त काढून देऊ?"

कुदळीचा पहिला घाव पडला.

हाडे एकेक करून वर आली. स्टामातियाबाईंनी ती घंगाळातल्या लाल वाइनमध्ये स्वतः धुतली. एव्दोकियालाही हात लावू दिला नाही. पांढऱ्या चादरीवर ती उन्हात वाळली. शेवटी कवटी दोन्ही तळव्यांवर घेऊन त्यांनी कपाळाचे चुंबन घेतले, तिच्याशी काहीतरी पुटपुटून ती पेटीत बाकीच्या हाडांवर ठेवली आणि कुलूप लावले. किल्ली गळ्यातल्या दोरीत ओवली.

स्टामातियाबाई घंगाळातली उरलेली वाइन खड्ड्यात ओतत होत्या, तेव्हा फाटकाशी टॅक्सी थांबली. कॅलिओपी धावतच आत आली. तिच्या अंगावर अजूनही विधवेचे काळे कपडे होते. रिकामा खड्डा पाहून ती जागीच थांबली.

"आई, मी दोहाहून फोन केला होता. विमान उशिरा सुटलं. तुम्ही हो म्हणालात."

"ऐकलं, म्हणून हो म्हणाले. थांबते म्हणाले नव्हते."

"एकदाच उघडा. मी हात नाही लावणार. नुसतं बघते."

"धुतलेली हाडं पुन्हा उन्हात काढत नाहीत."

कॅलिओपीने पर्समधून घडी केलेले तागाचे कापड काढले. कडेने निळ्या धाग्याचे बारीक भरतकाम होते. "निदान हे तरी आत ठेवा. त्यांच्या कपाळाखाली. पाच वर्षं भरतेय."

स्टामातियाबाईंनी कापड घेतले, उलगडले, भरतकामावरून अंगठा फिरवला.

"टाका बारीक आहे," त्या म्हणाल्या.

मग त्याच कापडाला त्यांनी वाइनने लाल झालेले दोन्ही हात पुसले, बोटांच्या बेचक्यांपर्यंत नीट पुसले, पुन्हा तशीच घडी घातली आणि ते कॅलिओपीच्या हातात दिले.

"टॅक्सी थांबवून ठेव. परतीची वाटही तेवढीच लांब आहे."