बाप हयात असताना

"गफूर, तुझ्या घरचं काय म्हणणं?"

दिलावरचाचांनी विचारलं आणि मशिदीच्या ओट्यावर जमलेल्या जुन्नरच्या साऱ्या कागदी, म्हणजे हाताने कागद बनवणाऱ्या, मंडळींनी माना वळवल्या. 'जमात म्हणंल ते,' हे नेहमीचं उत्तर गफूरच्या जिभेवर तयार होतं. तीस वर्षं त्यानं तेवढंच म्हटलं होतं आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

आज बिघडणार होतं. सरकारी कचेऱ्यांनी गिरणीचा कागद धरल्यापासून लगद्याचे निम्मे हौद कोरडे पडले होते. अशात पुण्याचा एक व्यापारी हाती बनवलेला कागद मागत होता, पण वीतभर जास्त रुंद. त्याचा माणूस उद्या सकाळी होकार नाहीतर नकार घेऊन परत निघणार होता. रुंद कागदाला साचाही रुंद हवा, आणि हौदातल्या लगद्यात बुडवून तो भरलेला वर उचलायचा तर कंबर शाबूत हवी. वाडवडिलांच्या मापाला हात लावायचा नाही, असं चाचांचं मत. ज्यांनी दहा-दहा वर्षांत साचा हातात धरला नव्हता, त्या साऱ्यांना ते लगेच पटलं होतं.

गफूरचा हनीफ मागे, जोड्यांपाशी, बाकीच्या पोरांत बसला होता. पोर कसला, बावीस वर्षांचा बाप्या, पदरात एक लेकरू. घरचा हौद चार वर्षं तोच चालवत होता. पण जमातीत घराचा शब्द एकच, आणि बाप हयात असताना मुलानं तिथं तोंड उघडायचं नाही, ही रीत. नकार गेला तर आपण मुंबईला गिरणीत जाणार, हे त्यानं सकाळीच सांगितलं होतं. भाकरी खाता खाता, अगदी शांतपणे. तो शांतपणाच गफूरच्या जिव्हारी लागला होता.

"रुंद साचा करावा," गफूर म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला.

"उचलणार कोण? दिवसाला ताव किती निघतील? वल्ला कागद फाटला तर?" चाचांनी एकामागून एक विचारलं. माणूस खडूस नव्हता; विचारणं रास्तच होतं.

गफूर गडबडला. महिनाभर हनीफ असा साचा बांधून चालवून बघत होता. गफूर त्याला हसला होता, जवळ जाऊन मात्र एकदाही बघितलं नव्हतं.

"मला न्हाई ठाऊक, चाचा. ज्याला ठाऊक हाय, त्यो तिकडं जोड्यांपाशी बसलाय. त्याला इचारा."

"बाप जित्ता असताना?"

"मग मी मेलो म्हणा."

गफूर गुडघ्यावर हात टेकून उठला, मंडळींतून वाट काढत खाली उतरला आणि हनीफच्या शेजारी बसला.

"जा. घराची जागा रिकामी हाय."

"अब्बा, असलं काय बोलताय?"

"जा म्हणतो ना!"

चाचांनी दाढी कुरवाळली.

"अल्ला गफूरला जन्नत देवो," ते गंभीरपणे म्हणाले. "चांगला माणूस व्हता. ये हनीफ, बस."

हनीफ बसला. मग तो सांगू लागला. साचा एकट्यानं उचलायचा नाही, दोघांनी समोरासमोर बसून उचलायचा. दीडशे ताव निघतात. पहिल्या आठवड्यात सगळे फाटले, लगदा आणखी दोन दिवस कुटला तेव्हा फाटायचे थांबले. म्हातारी मंडळी हळूहळू पुढं सरकून ऐकू लागली. मध्येच कुणी काही विचारलं, त्याचंही उत्तर त्याच्यापाशी होतं.

खाली जोड्यांपाशी गफूरचा ऊर भरून आला. आपल्या पोराला एवढं कळतं, आणि ते आज, चारचौघांबरोबर, आपल्याला कळावं! मुलाच्या प्रत्येक वाक्याला त्याची मान आपोआप डोलत होती.

चाचांनी हनीफवरची नजर न काढता आवाज दिला,

"गफूर, मेलेल्या माणसानं मान हलवायची नसती."