लाल शिंग

नारीनजवळच्या गावातल्या शाळेत मुलींना आपल्या हातांनी नमद्याचा, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाचा, गालिचा करायचा होता. बेगायिमने आणि तिच्या बाकावरच्या उल्पानने लाल आणि पांढरा नमदा एकावर एक ठेवून, दोन्हींतून एकदमच मेंढ्याच्या शिंगाची नक्षी कापली. दुसऱ्या दिवशी उल्पानच्या पांढऱ्या तुकड्यातल्या खाचेत बेगायिमचं लाल शिंग बसवून शिवायचं होतं.

बेगायिमने ते घरी आणलं तेव्हा तिच्या आईला, तुरसुनायला, हसू आवरेना.

"अगं, हे मेंढ्याचं शिंग की बकरीचं शेपूट? आईची हयात शिवणकामात गेली, लोक काय म्हणतील?"

लेक चारा घालायला गेली तशी तुरसुनायने कात्री घेतली आणि शिंगाचा बाक सुबक करून टाकला. सकाळी लेकीने ते हातात घेऊन नुसतं आईकडे पाहिलं. तुरसुनायने नजर चुकवली.

संध्याकाळी मात्र तिला राहवेना. "बाईंना आवडलं का गं?"

"हो. सगळ्यांत सुबक म्हणाल्या."

"मग तोंड का पाडलंयस?"



"उल्पानच्या खाचेत ते बसेना. तिनेच वाकडं कापलं असं समजून बाई तिला रागावल्या. तुझं नाव सांगावं लागलं असतं, म्हणून मी गप्प बसले."