नेमणूक

फटाक्याच्या वाती. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तीन टेबलं. आत मोबाइल नेता येत नाही. चार नंबरच्या शेडवर धूर.

तेरखेड्यातल्या कारखान्याच्या ऑफिसात युवराज धापा टाकत शिरला. "माझी आई, धुरपदाबाई, आज कुठल्या शेडात हाय?"

मॅनेजरनं जुनी शीट उघडली. हजेरीच्या पानावर चार होतं, मजुरीच्या पानावर सात.

"अहो, एक बाई दोन शेडात कशी आसंल?"

"ती शीट बंद करा, सर," ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळणारी हर्षाली म्हणाली. मागच्याच आठवड्यात तिनं त्या शीटची तीन टेबलं केली होती, म्हणजे वेगवेगळे तक्ते: कामगार, शेड, नेमणूक. प्रत्येक गोष्ट एकाच जागी लिहायची, जोडायला फक्त नंबर. "एका कागदाचे तीन तुकडे कशाला गं?" म्हणून मॅनेजर हसले होते.

धुरपदाबाईचा नंबर सतरा, ती आज कुठल्या शेडात, असं तिनं टाइप केलं: सिलेक्ट शेड फ्रॉम नेमणूक व्हेअर कामगार = १७ अँड तारीख = आज.

एकच ओळ आली. सात.

"सातची माणसं मागच्या गेटनं बाहेर काढलीत. पळा, दादा!"

तो पळाला. तिनं पुन्हा विचारलं: व्हेअर शेड = ४ अँड तारीख = आज.

शून्य ओळी. चार नंबरात आज कुणीच नव्हतं. मॅनेजरनं जुनी शीट बंद केली.

मागच्या गेटबाहेर धुरपदाबाई बाभळीखाली पाणी पीत होती. लेकाला बघून म्हणाली, "काय रं, चपला कुठं हायत तुझ्या?"

युवराजला हसू आवरेना, रडूही आवरेना.

सकाळी आठ वाजता, चार नंबरात एकटीला करमत न्हाय म्हणून, धुरपदाबाईनं हर्षालीकडून सात नंबरातली विहिणीशेजारची जागा मागून घेतली होती.